माथा थंड असूनही दुपारी वारा वर का चढतो : एका आक्षेपाला उत्तर

नमस्कार. आपला आक्षेप थोडक्यात असा : डोंगरमाथ्यावरची हवा दिवसाही दरीतल्या हवेपेक्षा थंड, म्हणून जड असते, तेव्हा वारा सदैव माथ्याकडून खालीच यायला हवा आणि दुपारी तो उतारावरून वर चढतो हे माझे विधान चूक आहे. आक्षेप वरवरचा नाही, पण त्यात तुलनेसाठी घेतलेली ठिकाणे चुकली आहेत.

तुलना माथा आणि दरी यांची नव्हे, तर उताराला चिकटलेली हवा आणि तिच्याच उंचीवर दरीच्या मधोमध असलेली मोकळी हवा यांची करायची असते. समजा, १५०० मीटर उंचीवर उन्हाने तापलेल्या उतारालगत २४ अंश सेल्सिअस तापमान आहे आणि त्याच पातळीवर मोकळ्या हवेत २२ अंश. उतारालगतची हवा वर सरकायला एवढा फरक पुरतो. आता २५०० मीटरच्या माथ्यावर १४ अंश धरू आणि आपण म्हणता तशी तिथली हवा खाली आणून पाहू. वाढत्या दाबाने आकुंचन पावताना कोरडी हवा दर किलोमीटरला सुमारे ९.८ अंशांनी तापते. म्हणजे १५०० मीटरवर ती जवळजवळ २४ अंशांची होऊन भोवतालच्या हवेपेक्षा हलकीच ठरेल. मग ती खाली येईलच कशाला?

रात्री उतार उष्णता बाहेर टाकून निवतो आणि लगतची हवाही निवते. ती घसरताना दाबाने तापतेच, पण थंड जमीन ती ऊब काढून घेत राहते, म्हणून प्रवाह टिकतो. निरभ्र संध्याकाळी उतारावरच्या शेकोटीचा धूर पाहावा : ऊन असेपर्यंत चढणीकडे झुकणारा धूर थोड्याच वेळात आडवा होतो आणि गवताला घासत खाली निघतो. या मंद वाऱ्याला मी ‘कोसळतो’ म्हटले, ते आपल्याला खटकले हे रास्तच आहे. ‘पाझरतो’ म्हणायला हवे होते. कोसळणे शोभते ते अंटार्क्टिकाच्या हिमउतारांवरच्या वाऱ्याला, ज्याची केप डेनिसन येथील वार्षिक सरासरीच ताशी ६० किलोमीटरहून अधिक भरते.

राहिला आपण दिलेला फॉन वाऱ्याचा, म्हणजे आल्प्ससारखे डोंगर ओलांडून पलीकडच्या उतारावर उतरणाऱ्या उबदार, कोरड्या वाऱ्याचा दाखला. तोही उतारावरून खाली येतो खरा, पण दूरवरच्या वायुभाराच्या फरकामुळे डोंगर ओलांडून आलेली ती हवा असते. उताराच्या तापण्या-निवण्याशी तिचा संबंध नसल्याने ती दिवसा काय, रात्री काय, केव्हाही वाहू शकते.