सगळ्यांचं गोल्फ, मी सोडून

"मामा, तू मुद्दाम करतोयस ना?" काल रात्री माझ्या आठ वर्षांच्या भाचीने विचारलं.

मुद्दाम कसलं! तळ्यापलीकडच्या ग्रीनवर, म्हणजे खड्ड्याभोवतीच्या हिरवळीवर, जायचा माझा तिसरा बॉलही तळ्यात गेला होता. पहिल्याला नेम चुकला, दुसऱ्याला वारा होता. तिसऱ्यासाठी सबबच उरली नव्हती.

ज्या मालिकेतला हा व्हिडिओ गेम, तिचं जपानी नाव ‘मिन्ना नो गोल्फ’, म्हणजे ‘सगळ्यांचं गोल्फ’. त्या ‘सगळ्यांत’ मी नाही. पाकिटावर ‘इथून फाडा’ लिहिलेलं असतं, तेही माझ्या हातून तेवढी जागा सोडून कुठूनही फाटतं. लहानथोर सगळ्यांना जमेल म्हणतात तेव्हा लहान जिंकतात आणि थोर सोफ्यावर घाम पुसत बसतात.

आणि करायचं काय, तर एक बटण तीनदा दाबायचं. पहिल्यांदा दाबलं की पट्टीवर रेघ धावू लागते. दुसऱ्यांदा दाबलं की फटक्याचा जोर ठरतो. रेघ मागे फिरून खुणेवर आली की तिसऱ्यांदा. तिथे क्षणभर चुकलात की बॉल भलतीकडे.

"रेघ खुणेवर आलेली तुला दिसत नाही का?"

"दिसते की."

"मग दाबत का नाहीस?"

"दाबतो गं. डोळ्यांनी बघितलेलं अंगठ्यापर्यंत पोचायला जरा वेळ लागतो."

"अंगठा तुझाच आहे ना?"

"माझाच."

"मग तो दुसऱ्या खोलीत असल्यासारखा का वागतो?"

यावर तिनेच उपाय काढला. मी डोळे मिटायचे, ती ‘आत्ता’ म्हणेल तेव्हा दाबायचं. मिटले. ती ‘आत्ता’ म्हणाली. डुबुक!

"तू आधी ‘हां’ म्हणालास आणि मग दाबलंस," ती म्हणाली. "‘हां’ कशाला म्हणायचं?"

कशाला म्हणजे? कोणी काही सांगितलं की ‘हां’ म्हणायचं, हे वळण आहे! पण वळणाला पट्टीवर जागा नाही.

अब्रू वाचवायला मग मी इतिहासात शिरलो. म्हटलं, बटणाच्या या गोल्फची परंपरा जुनी आहे. १९८४ मध्ये निन्टेंडो कंपनीचा गोल्फ गेम आला, त्याचा प्रोग्रॅम सातोरू इवाता यांनी लिहिला होता. पुढे तेच निन्टेंडोचे अध्यक्ष झाले. आपली मालिका १९९७ ची, प्लेस्टेशनवरची. पहिला गेम कॅमेलॉट नावाच्या कंपनीने केला, आणि १९९९ मध्ये तेच लोक निन्टेंडोसाठी ‘मारिओ गोल्फ’ करून मोकळे झाले. इकडे त्याच वर्षी दुसरा भाग आला तो क्लॅप हँझ या दुसऱ्या कंपनीचा, आणि मग वर्षानुवर्षं त्यांनीच संसार सांभाळला. अमेरिकेत या गेमला ‘हॉट शॉट्स गोल्फ’ म्हणत. २००८ मध्ये तिथे आलेल्या भागाचं नाव तर ‘आउट ऑफ बाउंड्स’, म्हणजे हद्दीबाहेर. माझ्यावर बेतलेला तेवढा एकच भाग. २०१७ मध्ये अमेरिकेतही ‘एव्हरीबडीज गोल्फ’ झालं, आणि २०२५ चा गेम दोन्ही नावं एकदम लावून आला, लग्नानंतर काही जणी दोन आडनावं लावतात तसा. तोही तिसऱ्याच मंडळींनी केलेला, हाइड नावाच्या.

ती इतकं मन लावून ऐकत होती की मला भरून आलं.

"म्हणजे १९९७ पासून खेळतोयस?"

"अगदी पहिल्या भागापासून!"

तिने बोटं मोजली. बोटं संपली, परत मोजली. मग हळूच, आजारी माणसाशी बोलावं तशी म्हणाली, "आणि तरीही असाच?"

खरं सांगतो, लागलं. पूर्वी मला हे जमायचं. बटण तेच आहे, रेघही तीच, अंगठाच काय तो राहिला नाही. एवढ्या वर्षांत यांनी कपडे दिले, कॅडी दिले, नवनवी मैदानं दिली. रेघ थोडी हळू धावली असती तर कुणाचं काय गेलं असतं?

घर झोपल्यावर आवाज बंद करून पुन्हा बसलो. तेच तळं. सहाव्या की सातव्या खेपेला बॉल तळं ओलांडून ग्रीनवर टेकला, घरंगळला, खड्ड्यापासून वीतभर अंतरावर थांबला. मागे पावलं वाजली. भाची, डोळे चोळत.

"मामा, पाणी."

"पाणी कसलं? ग्रीनवर गेला, बघ ना!"

"मला प्यायला हवंय."