बहिणीचा हिस्सा आणि भावाचे पापनिवेदन

सध्या मोबाइलवर फिरणाऱ्या एका संदेशात म्हटले आहे की, ख्रिस्ती माणसाने पाप करावे, कन्फेशनला, म्हणजे पापनिवेदनाला, जाऊन ते धर्मगुरूंना सांगावे, क्षमा घ्यावी आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच करायला मोकळे व्हावे; शिवाय नम्रतेच्या नावाखाली हा धर्म माणसाला स्वतःला तुच्छ मानायला आणि अन्याय मुकाट्याने सोसायला शिकवतो. मी ठाण्यातल्या कॅथलिक कुटुंबात वाढलो. हे तिन्ही आरोप मला चुकीचे वाटतात, आणि पहिल्याचे उत्तर सविस्तर द्यायला हवे.

आमच्या तलावपाळीजवळचे जुने चर्च ज्या बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या नावाने ओळखले जाते, त्याचा उपदेशच पश्चात्तापाचा होता. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात लोक त्याला विचारतात, ‘मग आम्ही काय करावे?’ तो त्यांना रडायला सांगत नाही. दोन अंगरखे असणाऱ्याने एक नसलेल्याला द्यावा, जकातदारांनी ठरल्यापेक्षा अधिक घेऊ नये, शिपायांनी कोणाला धमकावून पैसे उकळू नयेत, अशी त्याची रोखठोक उत्तरे आहेत. कॅथलिक शिकवणीतही मनापासून खंत, पापांची कबुली आणि भरपाई ही पापनिवेदनाची अंगे मानली जातात. खंतीतच पुन्हा तसे न करण्याचा निश्चय येतो, आणि तो नसेल तर क्षमेचे शब्द ऐकूनही ती क्षमा लाभत नाही. घोडबंदर रोडच्या जमिनीला भाव आल्यावर बहिणीला फसवून तिच्याकडून हक्कसोडपत्रावर सही घेणारा भाऊ कितीही वेळा धर्मगुरूंपुढे गुडघे टेकून आला, तरी तिचा हिस्सा परत करण्याचे त्याचे कर्तव्य तसेच उरते. त्याच शुभवर्तमानातल्या जक्कय नावाच्या मुख्य जकातदाराने लुबाडलेल्यांना चौपट परत देण्याचा शब्द दिला, तो याच अर्थाने. कन्फेशनचा उपचार करून मोकळे होणारे लोक आहेत, हे मी नाकारत नाही. परंतु क्षमा इतकी स्वस्त होण्याविरुद्ध 1517 मध्ये मार्टिन ल्यूथर उभा राहिला, तोही ख्रिस्ती संन्यासीच होता.

स्वतःला तुच्छ मानणे आणि नम्रता यांतला फरक तर येशूच्या शिष्यांमध्येच दिसतो. त्याला धरून दिल्याची खंत यहूदालाही वाटली, पण ती निराशेत बुडाली. त्याच रात्री येशूला तीनदा नाकारणारा पेत्र ढसाढसा रडला आणि परत आला. आपली चूक आहे तेवढी पाहावी, लहान करू नये आणि मोठीही करू नये, आणि तरीही आपल्यावर प्रेम करणारा देव आहे हे विसरू नये, एवढेच नम्रता मागते. ते सोपे मात्र नाही.

उरला अन्याय सोसण्याचा मुद्दा. प्रमुख याजकापुढे शिपायाने चपराक मारली, तेव्हा येशूने त्याला विचारले की, मी योग्य बोललो असेन तर मला का मारतोस? आणि येशूच्या वहाणांचा बंद सोडण्याचीही आपली योग्यता नाही असे म्हणणारा तोच योहान, हेरोद राजाला तोंडावर सांगत होता की भावाच्या बायकोला ठेवणे तुला योग्य नाही. हेरोदाने त्याला तुरुंगात टाकले आणि पुढे त्याचा शिरच्छेद करवला. योहानाने मात्र आपले शब्द मागे घेतले नव्हते.