उत्तर ९.८ आलंच पाहिजे?

दरवर्षी जर्नल तपासताना तेच! साध्या लंबकावरून गुरुत्वीय त्वरण (g) काढायचं प्रॅक्टिकल, आणि अख्ख्या बॅचचं उत्तर ९.८. एकाचंही ९.६ नाही, एकाचंही १०.९ नाही. म्हणजे वाचनं घेतलीच नाहीत, उत्तरावरून उलटी काढली.

अहो, १०.९ येणं हीच तर शिकायची जागा आहे! गोळा सोडताना 'शून्य' म्हणायचं सोडून 'एक' म्हटलं की २० ऐवजी १९च आंदोलनं मोजली जातात. आवर्तकाल, म्हणजे एका आंदोलनाचा वेळ, ५ टक्के कमी आणि, सूत्रात त्याचा वर्ग छेदात असल्यामुळे, उत्तर जवळजवळ ११ टक्के जास्त. गोळा ३० अंशांपर्यंत ओढून सोडला तर उत्तर साडेतीन टक्के घसरतं. लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत न धरता हुकापर्यंतच मोजली, तर १ मीटरच्या दोरीला १ सेंटिमीटर, म्हणजे थेट १ टक्का गेला. ही चूक तर आलेखात उघडी पडते: आवर्तकालाचा वर्ग आणि लांबी यांची रेषा आरंभबिंदूतून जातच नाही. पण मुलं ती पट्टीनं ओढून तिथून नेतात. आणि आपण सही करतो.

दोष मुलांचा कमी, आपला जास्त. 'अपेक्षित उत्तर' फळ्यावर आधी कोण लिहितं? ९.६ आणणाऱ्याचे गुण कोण कापतं? गुण वाचनांच्या तक्त्याला द्या, त्रुटीच्या हिशोबाला द्या. वाचनं पेनानं, तिथल्या तिथे, खाडाखोडीसकट लिहायला लावा. व्हायवात 'व्याख्या सांग' नको, 'तुझी रेषा इथे का वाकली?' एवढंच विचारा!