‘आमच्या बोटांना शीर दिसते’ म्हणणाऱ्या सरांना

पत्राखाली ‘एक जुना भूलतज्ज्ञ’ एवढीच सही केलीत, म्हणून नुसतं सर म्हणतो. तान्ह्या बाळाला सेंट्रल लाइन, म्हणजे मानेतल्या मोठ्या शिरेत जाणारी नळी, टाकताना सोनोग्राफी वापरावी, या माझ्या लेखावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं: आम्ही तीस वर्षं मान चाचपून लाइन टाकल्या, सुई कॅरोटिडमध्ये (शिरेशेजारच्या धमनीत) गेली तर रक्ताच्या रंगावरून नि जोरावरून लगेच कळतं, आणि मशीनच्या नादाने नव्या पोरांचे हात बिघडताहेत.

रंगाचं मला पटत नाही. हृदयदोषामुळे निळं पडलेलं बाळ घ्या. त्याच्या धमनीतलं रक्तही काळपटच. त्यात बीपी खाली गेलेलं, म्हणजे चिळकांडीही नाही. ज्याला लाइन सगळ्यात तातडीने हवी, नेमक्या त्याच बाळात तुमच्या दोन्ही खुणा दगा देतात. बारीक सुई धमनीत गेली तर दाबून धरता येतं. डायलेटर, म्हणजे वाट रुंद करणारी जाड नळी, गेला तर मग सर्जनला हाक मारायची वेळ येते. म्हणून डायलेटर चढवण्याआधी मी सोनोग्राफीचा प्रोब मानेवर फिरवून सुईतून सरकवलेली वायर शिरेतच आहे ना, हे बघून घेतो.

रेसिडेन्सीत एका रात्री साडेतीन किलोच्या बाळाला मी तीनदा टोचलं होतं. अगदी पुस्तकाबरहुकूम: मानेतल्या स्टर्नोमास्टॉइड स्नायूच्या त्रिकोणाचं टोक, सुईचा रोख त्याच बाजूच्या स्तनाग्राकडे. दोनदा कॅरोटिड, तिसऱ्यांदा शीर. दाबून बसलो तरी मानेवर सुपारीएवढी गाठ आलीच. केसपेपरवर मी काय लिहिलं? ‘राइट आयजेव्ही लाइन इन्सर्टेड’, म्हणजे मानेच्या उजव्या शिरेत लाइन टाकली. बस्स. तुमच्या तीस वर्षांचा हिशेबही अशाच केसपेपरांवर आहे ना, सर?

काहींनी मात्र मोजलं. १९९९ साली अमेरिकेत हृदयशस्त्रक्रियेच्या ९५ तान्ह्या बाळांचा अभ्यास छापून आला. सोनोग्राफीच्या गटात सगळ्या लाइन गेल्या, कॅरोटिडला एकदाही धक्का नाही. चाचपणीच्या गटात यश ७७ टक्के, आणि दर चार बाळांत एकाची कॅरोटिड टोचलेली.

तुमच्या बाजूचा पुरावा तुम्ही दिला नाहीत, तोही मीच देतो. उपचारांच्या शिफारशी ठरवणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २००२ मध्ये लहान मुलांसाठीही सोनोग्राफीची शिफारस केली. २००४ मध्ये तिथल्याच एका अभ्यासात मुलांमध्ये जुनी पद्धत सरस ठरली! मला त्याचं नवल वाटत नाही. चार-पाच मिलिमीटरची शीर, प्रोबचं नुसतं वजन पडलं तरी चपटी होते. सुई टेकली की पुढची भिंत मागच्या भिंतीला जाऊन चिकटते, सुई दोन्हींतून आरपार जाते, आणि रक्त येतं ते सुई मागे घेताना. पडद्यावरचा पांढरा ठिपका सुईच्या टोकाचा की दांड्याचा, हे ओळखायला मला कोंबडीच्या मांसात सलाइनची नळी खुपसून कित्येक संध्याकाळी घालवाव्या लागल्या. (घरी त्या काळात चिकन बंद होतं.) मशीन हातात आलं म्हणजे हात तयार झाला असं नव्हे.

म्हणून पोरांच्या हातांबद्दल मी तुमच्याशी अर्धा सहमत आहे. आमच्याकडे रेसिडेंटने आधी चाचपून पेनने खूण करायची, मग प्रोब ठेवायचा. खुणेखाली कधी शीर असते, कधी कॅरोटिड धडधडत असते. विशेषतः मान फार वळवली असेल तर, कारण मग शीर धमनीच्या वर सरकते.

तालुक्याला मशीन कुठून आणायचं, हा प्रश्न रास्त आहे. पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या कायद्याखाली आयसीयूतल्या मशीनचीही नोंदणी लागते, हवं तेव्हा उचलून दुसऱ्या हॉस्पिटलात नेता येत नाही. जीव जायची वेळ असेल आणि मशीन नसेल, तर मी मानेच्या वाटेला न जाता नडगीच्या हाडात सुई घालेन. प्रोबच्या महाग कव्हरचं म्हणालात, तर आत जेल घातलेला स्टराइल हातमोजा आम्हीही वापरतो.

आणि यकृतावर हलकेच तळहात दाबला की मानेतली शीर फुगते, ही तुमची युक्ती परवा प्रोब ठेवून बघितली. खरंच फुगते. रेसिडेंटला दोनदा दाखवली.