रिअ‍ॅलिस्ट व्हा म्हणजे नेमकं काय व्हा?

परवा एका ग्रुपवर वाद पेटला, विषय नेहमीचाच, अमक्या देशाने तमक्याला धडा शिकवावा की नाही. शेवटी एकाने हुकमाचं पान टाकलं, "परराष्ट्र धोरणात भावना चालत नाहीत, जरा रिअ‍ॅलिस्ट व्हा." म्हणजे काय, तर हल्ला करा. मी तिथे गप्प बसलो कारण ग्रुपवर बोलून काही होत नाही, पण डोक्यातून जाईना म्हणून इथे लिहितोय. लांबलंय, चालवून घ्या.

तर रिअ‍ॅलिझम, आपला वास्तववाद, देश एकमेकांशी असे का वागतात हे सांगणारा एक पंथ. यांचं म्हणणं थोडक्यात असं की देशांच्या डोक्यावर कुणी पोलीस नाही, कोर्ट आहे पण निकाल अमलात आणणारं कुणी नाही, त्यामुळे जो तो आधी स्वतःची कातडी वाचवणार. ठीक आहे. पण यातून "म्हणून ठोका" कुठून निघालं? २६ सप्टेंबर २००२ ला न्यूयॉर्क टाइम्समध्ये एक जाहिरात आली होती, ३३ प्राध्यापकांच्या सह्यांची, इराकशी युद्ध अमेरिकेच्या हिताचं नाही म्हणून. सह्या कुणाच्या? केनेथ वॉल्ट्झ, जॉन मिअरशायमर, स्टीफन वॉल्ट, म्हणजे वास्तववादाचे खांबच की. मुद्दाही साधा, सद्दामला धाकात ठेवता येतं, आणि सहज जिंकलात तरी तिथून बाहेर कसं पडणार? दया, शांतता वगैरे काही नाही, निव्वळ हिशोब. कुणी ऐकलं नाही. मार्च २००३ मध्ये सैन्य घुसलं, आणि तेव्हा जोरात कोण होतं तर "लोकशाही आणू" म्हणणारे. त्याच्याही आधी व्हिएतनाम युद्धाला हान्स मॉर्गेंथाऊने उघड विरोध केला होता, आणि हा माणूस तर या पंथाचा गुरू मानला जातो.

आणि ज्यांना कौटिल्य तोंडपाठ असतो (म्हणजे शेजारी तो शत्रू, त्याचा शेजारी तो मित्र, एवढंच पाठ असतं) त्यांनी अर्थशास्त्रातलं सहा गुणांचं, म्हणजे परराष्ट्र धोरणाच्या सहा मार्गांचं प्रकरण एकदा उघडावं. संधी (म्हणजे तह) आणि विग्रह (म्हणजे युद्ध) दोन्हीत फायदा सारखाच असेल तर संधी करा असं तिथे सरळ लिहिलंय, कारण युद्धात माणसं मरतात, पैसा जातो.

आता दुसरी बाजू, लिबरल म्हणजे उदारमतवादी. यांचं म्हणणं, व्यापार आणि सामाईक संस्थांनी देश बांधले गेले की युद्ध टळतं. यांना लोक भाबडे म्हणतात, मीही बरीच वर्षं म्हणायचो. पण फ्रान्स आणि जर्मनी १८७०, १९१४, १९३९ असे तीनदा एकमेकांशी लढले, आणि मग १९५१ मध्ये सहा देशांनी करार करून कोळसा आणि पोलाद एका सामाईक यंत्रणेखाली आणलं. कोळसा-पोलादच का, तर तोफा त्यातूनच बनतात, आणि तेच सामाईक झालं की गुपचूप तयारी करणं अवघड. आज त्या दोघांत युद्ध होईल असं कुणी म्हटलं तर लोक हसतील. वास्तववादी म्हणतात ते अमेरिकन सैन्य युरोपात बसलंय म्हणून. असेल, पण मला ते अर्धंच उत्तर वाटतं. मात्र हाच प्रयोग जर्मनीने रशियाबरोबर गॅसच्या पाइपलाइनने केला, व्यापार वाढला की माणसं बदलतील म्हणत, आणि २०२२ मध्ये तोच गॅस त्यांच्या मानेवर बसला. कोळशाच्या वेळी वर एक संस्था होती, नियम होते, दोघंही बांधले गेले होते. गॅसच्या वेळी एकाच्या हातात नळ होता आणि दुसऱ्याच्या हातात बिल.

तिसरे कन्स्ट्रक्टिव्हिस्ट, यांना मराठीत रचनावादी म्हणतात पण तो शब्द ऐकला की मला शाळाच आठवते. यांच्यातल्याच अलेक्झांडर वेंटचं एक उदाहरण आहे, अमेरिकेला ब्रिटनच्या ५०० अण्वस्त्रांपेक्षा उत्तर कोरियाच्या ५ अण्वस्त्रांची भीती जास्त वाटते. नुसती बॉम्बची मोजदाद केली तर हे गणित सुटतच नाही. कोण आपला, कोण परका, हे आधी डोक्यात ठरतं.

युक्रेनचंच बघा. ५ डिसेंबर १९९४ ला बुडापेस्टमध्ये कागदावर सह्या झाल्या, युक्रेनने सोव्हिएत काळातली अण्वस्त्रं सोडायची, आणि अमेरिका, ब्रिटन, रशियाने त्याच्या सीमा मानायच्या. मिअरशायमर १९९३ मध्येच म्हणाला होता की बॉम्ब सोडू नका, पस्तावाल. २०१४ मध्ये युक्रेनचा क्रिमिया रशियाने घेतला. मग त्याच वर्षी हाच माणूस म्हणाला की चूक पश्चिमेची, नाटो, म्हणजे अमेरिका-युरोपची लष्करी युती, रशियाच्या दाराशी नेलीत. आता गंमत अशी की युक्रेनवाले त्याचं १९९३ चं वाक्य शेअर करतात, रशियावाले २०१४ चं, दोन्ही एकत्र कुणालाच नको असतात. मला त्याचं पहिलं पटतं, दुसरं पूर्ण पटत नाही, कारण पुतिनने जुलै २०२१ मध्ये स्वतःच्या नावाने लांबलचक लेख लिहिला तो रशियन आणि युक्रेनी एकच लोक आहेत यावर. ज्याला फक्त नाटोची भीती वाटते तो माणूस एवढा इतिहास का उगाळत बसेल?

आणि त्या ग्रुपवरच्या भाऊंनी पुढे प्राचीन ग्रीक इतिहासकार थुसिडिडीसही टाकला होता, बलवान करतात आणि दुबळे सोसतात टाइप. हे मेलोसचं प्रकरण, इ.स.पू. ४१६. छोटंसं बेट, आम्हाला तटस्थ राहू द्या म्हणत होतं, अथेन्सवाल्यांनी न्यायाच्या गप्पा नकोत म्हणून सांगितलं आणि शेवटी तिथले पुरुष मारून बायका-मुलं गुलाम केली. स्क्रीनशॉट तिथेच संपतो. पुस्तकात मात्र पान उलटलं की लगेच त्याच अथेन्सची सिसिलीवरची स्वारी सुरू होते, आम्हाला कोण अडवणार अशा थाटात, आणि इ.स.पू. ४१३ मध्ये त्यातलं आख्खं आरमार बुडतं आणि उरलेले सैनिक दगडाच्या खाणीत कैदी होऊन मरतात.