मागं काही आहे हे विसरायचं कसं

टूरिंग बाईकला ट्रेलर लावणारा माणूस भेटला की त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "अरे, मागं काही आहे हे कळतच नाही!" तर आजचे सगळे सल्ले याच वाक्याच्या सेवेत. कळतच नसेल तर कळून तरी काय करायचंय, सरळ विसरून जायचं.

सुरुवात मॅन्युअलपासून करू, म्हणजे ते न उघडण्यापासून. होंडाची गोल्डविंग घ्या. पावणेचारशे किलोच्या आसपासची, १८३३ सीसी, सहा सिलिंडर, ट्रेलरवाली बाईक म्हटलं की कित्येकांच्या डोळ्यासमोर हीच येते, आणि हिच्याच मॅन्युअलमध्ये लिहून ठेवलंय की ही गाडी ट्रेलर ओढायला बनवलेली नाही. आता त्यांना काय कळतंय, त्यांनी तर फक्त बाईक बनवलीय. ट्रेलर अडकवायची मागची जोडणी, म्हणजे हिच, दुसऱ्याच कोणीतरी बनवलीय, बोल्ट तुमच्या मित्रानं आवळलेत, मग काळजी कसली.

आता सामान. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं, तुमचं त्याच्याही मागं आलंय, त्यामुळं हात आखडता घ्यायचं कारण उरलं नाही. आधी दोन साइड बॅगा आणि एक टॉप बॉक्स होता तेव्हा एक जास्तीची पँट घ्यायची की नाही यावर रात्रभर विचार व्हायचा, आता तंबू घ्या, मोठा घ्या, खुर्च्या घ्या, पाहुणे आले तर म्हणून अजून दोन घ्या, टूलबॉक्स घ्या, पाण्याचे कॅन घ्या. वजनाचा नियम एकच, झाकण लागलं की वजन बरोबर. ब्रिटनमध्ये नियम आहे की भरलेला ट्रेलर १५० किलो किंवा बाईकच्या वजनाच्या दोन तृतीयांश, यातलं जे कमी असेल त्याच्या आतच पाहिजे, रुंदीही १ मीटरच्या वर नको. असतात बाबा काही लोक भित्रे.

जड वस्तू कुठं ठेवायच्या? अर्थातच शेपटाला, काढायला सोप्या पडतात. हिचवर ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार यायला हवा, म्हणजे १०० किलोच्या ट्रेलरला १० ते १५ किलो, म्हणून जाणकार मंडळी जड सामान चाकांच्या जरा पुढं लावतात आणि ट्रेलर सपाट धरून कपलर, म्हणजे हिचवर अडकणारं ट्रेलरचं टोक, घरातल्या वजनकाट्यावर टेकवून बघतात. पण वजनकाट्याशी आपले संबंध आधीच ताणलेले, कशाला जायचं त्याच्याकडं. शेपूट जड झालं की हिचवरचा भार उतरतो आणि वेग वाढला की ट्रेलर डुलायला लागतो, शेजारून मोठा ट्रक गेला तर फारच तब्येतीत. अशा वेळी घाबरून कचकन ब्रेक मारावा, किंवा थ्रॉटल पिळून त्याला ताणून सरळ करावं, दोन्हींनी प्रसंग लवकर संपतो. थ्रॉटल हळूच सोडून, हँडल न झटकता वेग आपोआप उतरू देणारे लोक असतात, पण त्यांच्याकडं सांगायला किस्से नसतात. उलट सगळंच पुढं कोंबलं तर मागचं सस्पेन्शन बसतं, पुढचं चाक उचलल्यासारखं होतं आणि हँडल इतकं हलकं लागतं की पॉवर स्टीअरिंगच वाटावं.

हिच निवडताना एकच लक्षात ठेवा, की काही लक्षात ठेवायचं नाही. वळणावर बाईक झोपते, ट्रेलर मात्र दोन चाकांवर ताठ उभा राहतो, म्हणून कपलर स्वतःभोवती फिरणारा लागतो. आपण कारच्या ट्रेलरचा आणायचा. थोड्या झुकण्यापर्यंत तो काही बोलत नाही, त्यानंतर जे बोलतो ते ऐकायला तुम्ही बाईकवर असालच असं नाही. सेफ्टी चेन टंगखाली, म्हणजे ट्रेलरच्या पुढच्या दांड्याखाली, एकमेकींना क्रॉस करून, वळताना ताणणार नाहीत इतक्या ढिल्या ठेवतात, म्हणजे कपलर निसटलाच तर टंग जमिनीत रुतायच्या ऐवजी त्यांच्यावर टेकतो. तुम्ही त्या डिकीत ठेवा, नव्या राहतील.

खड्ड्यांचं तर विचारूच नका. बाईकवाल्याचं जन्मभराचं कसब काय, तर खड्डा चुकवणं. आता तुमच्या मागून दोन चाकं येतायत, एक तुमच्या डावीकडून एक उजवीकडून, म्हणजे तुम्ही मोठ्या ऐटीत चुकवलेला खड्डा त्यातल्या एकाला वारसाहक्कानं मिळतो. वळणावर ट्रेलर आतून कापतो, त्यामुळं कडेचा दगड तुम्हाला लागला नाही म्हणजे कुणालाच लागला नाही असं समजून पुढं चला. ब्रेक? बहुतेक छोट्या ट्रेलरना स्वतःचा ब्रेकच नसतो, थांबायचं तुम्हालाच आणि थांबवायचंही तुम्हालाच. पुढच्या गाडीपासूनचं अंतर नेहमीचंच ठेवा, ट्रेलर मागून ढकलून बाकीचं बघून घेईल.

बेअरिंग मात्र माझा लाडका विषय. ८ इंची रिमवरचं चाक टायरसकट जेमतेम ४० सेंटीमीटर व्यासाचं, ताशी १०० ला मिनिटाला तेराशेच्या वर फेरे मारतं, बाईकचं मागचं चाक त्याच वेगाला साडेआठशेच्या आसपास. म्हणून काही शहाणे प्रत्येक थांब्यावर हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाला, हात लावून बघतात, तापलाय का, मग ग्रीस, मग टायरचं प्रेशर. तुम्ही थांब्यावर फोटो काढा. ग्रीस संपलं की बेअरिंग स्वतःच आवाज देतं, फक्त हेल्मेटमध्ये गाणी लावलेली नकोत.

आणि रिव्हर्स. टंग आखूड, त्यामुळं हँडल जरा इकडं वळलं की ट्रेलर भलतीकडंच, आणि पापणी लवायच्या आत दोघं काटकोनात. मी स्वतः एका बंद गल्लीत नाक खुपसून हे शिकलोय. पुढं भिंत, मागं उतार, बाईकला रिव्हर्स नाही, शेवटी साइड स्टँड लावून ट्रेलर सोडायला गेलो तर उतारानं ट्रेलर मागं ओढायला लागला आणि बाईक स्टँडवरून निघाली. गिअरमध्ये टाकायची विसरलो होतो. विसरण्यात माझा हात धरणारा नाही. अर्धा तास मी एका हातानं बाईक आणि एका पायानं ट्रेलरचं चाक धरून उभा होतो, आणि येणारा जाणारा प्रत्येकजण आपुलकीनं विचारत होता, "अडकली का?"

ट्रिप संपली, ट्रेलर घरी सोडला, दुसऱ्या दिवशी नुसती बाईक काढली. पहिल्याच वळणाला इतकं लांबून वळलो की मागचा हॉर्न मारायला लागला, आणि पार्किंगमध्ये तोंड घालायच्या आधी दोनदा वळून मागं बघितलं. मागं काहीच नव्हतं.