थर्मोस्टॅट फेकून गाडी थंड होत नसते

उन्हाळा लागला की कोल्हापुरातल्या बाइकवाल्यांच्या फोनवर एक मेसेज फिरायला लागतो. मजकूर थोडक्यात असा: गाडी सारखी तापतेय? गॅरेजवाल्याच्या नादी लागू नका. थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की कूलंटला रेडिएटरकडची वाट उघडून देणारी झडप) काढून फेका, कूलंटऐवजी (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाऐवजी) साधं पाणी भरा, जाड २०डब्ल्यू-५० ऑइल टाका आणि वाटेत तापलीच तर इंजिनावर बाटलीभर पाणी ओता. शेवटी कारणही दिलेलं असतं: सगळा दोष इथेनॉलच्या पेट्रोलचा. खाली सही, ‘उद्यमनगरचा जुना मिस्त्री’. उद्यमनगरातला खरा जुना मिस्त्री पाना हातात घेण्याआधी एक प्रश्न विचारतो आणि नेमका तोच या मेसेजमध्ये नाही. गाडी तापते कधी?

महाद्वार रोडच्या गर्दीत, नाहीतर उसाच्या ट्रॉलीमागे रांगताना तापमानाचा काटा चढतो आणि कागलच्या दिशेनं हायवेला सुटलं की उतरतो, तर संशय रेडिएटरच्या फॅनवर घ्यायचा. उलट गावात ठीक आणि हायवेला ऐंशी-नव्वदच्या वेगात तापते, तर कूलंट पुरेसं फिरत नाही: रेडिएटर चोंदलाय, कूलंट फिरवणारा पंप दमलाय किंवा थर्मोस्टॅट अर्धवटच उघडतोय. कूलंट बदलून आणल्यापासूनच तापायला लागली असेल तर आत हवा अडकलीय. कुठं थेंब गळताना दिसत नाही आणि तरी कूलंट कमी होतंय, तर हेड गॅस्केटकडे, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग (हेड) जिथं बसतो तिथल्या पट्टीकडे बघायचं. ऑइलच्या झाकणाखाली दुधाच्या सायीसारखा थर दिसला तर हा संशय आणखी बळावतो. चार वेगळे आजार आहेत हे, आणि मेसेजवाला सगळ्यांना एकच गोळी देतोय.

‘थर्मोस्टॅट काढून फेका’ हा सल्ला आला कुठून ते कळतं. थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला तर कूलंट रेडिएटरकडे जातच नाही आणि गाडी बघता बघता उकळते. अशा गाडीचा काढला की आराम पडतो, मग तोच उपाय गावभर होतो. पण धडधाकट थर्मोस्टॅट काढला तर इंजिन वेळेवर गरमच होत नाही. सेन्सर ‘अजून थंड आहे’ म्हणत राहतो, ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, जादा पेट्रोल सोडत राहतो, ॲव्हरेज पडतं आणि न जळलेलं पेट्रोल हळूहळू ऑइलमध्ये उतरतं. काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून जाणारी, वाट बंद करतो. तिथं तो काढलात तर बरंचसं कूलंट रेडिएटरला वळसा घालून आतल्या आतच फिरत राहतं, म्हणजे थंड व्हायची गाडी उलट जास्त तापते.

शंकाच असेल तर तपासायला फार अक्कल लागत नाही. थर्मोस्टॅट तारेला बांधून पाण्याच्या भांड्यात सोडा, बुडाला टेकू देऊ नका, शेजारी थर्मामीटर धरा आणि गॅस पेटवा. अंगावर छापलेल्या आकड्याच्या आसपास, समजा ८२, झडप हलायला लागली पाहिजे आणि पाणी उकळेपर्यंत चांगली उघडली पाहिजे. पाणी खळखळतंय आणि झडप ढिम्म, तर खुशाल बदला. बदला, नुसता काढू नका. आणि यासाठी घरातलं चहाचं पातेलं उचलू नका. कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल विषारी असतं. भंगारातलं भांडं घ्या आणि ते परत स्वयंपाकघरात नेऊ नका.

आमच्या गॅरेजात एक पोरगा असाच आला होता. “मामा, थर्मोस्टॅट काढलाय की, तरी करूळ घाटात लाल दिवा लागतोयच.” गाडी जागेवर चालू ठेवली. काटा चढत गेला, दिवा लागला, फॅन मात्र गप्प. फ्यूज चांगला होता. फॅनला थेट बॅटरीवरून करंट दिला तर भणाणून फिरला, म्हणजे मोटर शाबूत. मग वायरिंगचा कपलर, म्हणजे वायरी जोडणारा सांधा, सोडवला: दोन्ही पिना हिरव्यागार आणि आत ओलसर भुकटी. गगनबावड्याच्या पावसात रोज ये-जा करणाऱ्या गाडीचं दुसरं काय होणार? पिना घासल्या, कपलर बसवला, फॅन लागला. थर्मोस्टॅट तेवढा नवीन आणायला लागला, कारण जुना त्यानं खरंच फेकला होता.

पाण्याच्या मुद्द्यात अर्धं सत्य आहे. निव्वळ उष्णता वाहून न्यायची तर पाणी कूलंटपेक्षा सरस आहे. पण कूलंटमध्ये ॲल्युमिनियम गंजू नये म्हणून घातलेली रसायनं असतात, ती पाण्यात नसतात. त्यात आपण भरणार बोअरचं पाणी. त्याचा क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसला की पुढच्या उन्हाळ्यात हायवेला तापणारी गाडी तयार. शिवाय कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर आहे. इथं उघड्या भांड्यातलं पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. रेडिएटरमध्ये ते तग धरतं ते झाकणाच्या जोरावर. झाकणावर १.१ असा आकडा असेल तर तेवढा दाब ते धरून ठेवतं आणि साधं पाणीसुद्धा १२० अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. या झाकणाचं रबर कडक झालं, स्प्रिंग सैल पडली, की आतलं पाणी लवकर उकळून बाहेरच्या टाकीत जातं आणि परत येत नाही. गार झाल्यावर रेडिएटरचा पाइप चपटा झालेला दिसला तर आधी झाकण बदलून बघा. मोठ्या खर्चात पडण्याआधी बघायची ही सगळ्यात स्वस्त गोष्ट, आणि मेसेजमध्ये तिचं नावही नाही.

जाड ऑइलचं काय सांगायचं! कंपनीनं १०डब्ल्यू-३० सांगितलंय तिथं २०डब्ल्यू-५० ओतलं तर ऑइल गार इंजिनात उशिरा पोचतं आणि घर्षण वाढतं. तापायचं कारण होतं तिथंच राहतं. कारचं ऑइल तर मुळीच नको; आपल्या बहुतेक गाड्यांचा क्लच ऑइलमध्येच बुडलेला असतो, तो घसरायला लागला की आणखी उष्णता. डब्यावर जासो एमए किंवा एमए-२, म्हणजे अशा ऑइलमधल्या क्लचला चालणाऱ्या ऑइलची खूण, लिहिलंय का ते बघा.

गंमत म्हणजे हा मेसेज स्प्लेंडरवालेही पुढं ढकलतात. त्यांच्या गाडीत थर्मोस्टॅट नाही, रेडिएटर नाही, कूलंट नाही. एअरकूल्ड गाडी तापत असेल तर इंजिनाच्या पाकळ्यांत बसलेला चिखल काढा, व्हॉल्व्हची सेटिंग बघा, कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधलं रबर चिरलंय का ते बघा. तिथून हवा घुसली की मिश्रण पातळ होतं, म्हणजे पेट्रोलच्या मानानं हवा जास्त होते, आणि इंजिन भाजतं. आणि गाडी डबल स्टँडवर लावून मागचं चाक हातानं फिरवा. ब्रेक घासत असेल तर इंजिन दिवसभर ब्रेकशीच भांडत असतं. ही तपासणी रेडिएटरवाल्या गाड्यांनाही लागू.

राहिलं इथेनॉल. जिल्ह्यातला ऊस आपला, त्याचं इथेनॉलही आपलंच, तरी शिव्या त्यालाच. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, त्यामुळे जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत ई-२० (वीस टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलनं मिश्रण थोडं पातळ होतं, हे खरं. ऑक्सिजन सेन्सर असलेली इंजेक्शनची गाडी ते आपलं आपण सांभाळून घेते. ॲव्हरेज थोडं घटतं हेही मान्य. पण त्याच पंपावर तेच पेट्रोल भरणारी शेजारची तीच गाडी तापत नसेल आणि तुमचीच तापत असेल, तर दोष पंपावर शोधून सापडणार नाही.

गरम इंजिनावर पाणी तर अजिबात ओतू नका. पावसात गाडी भिजते ते वेगळं. कडक तापलेल्या हेडवर एकाच जागी गार पाणी पडलं तर धातू वाकडा होऊ शकतो, चिरूही शकतो. घाटात दिवा लागला तर कडेला सावलीत घ्या आणि इंजिन बंद करा. किल्ली चालू ठेवल्यावर फॅन फिरत असेल तर फिरू द्या. रेडिएटरचं झाकण हाताला गार लागल्याशिवाय उघडू नका, नाहीतर उकळतं कूलंट तोंडावर येतं. गार झाल्यावर कमी असेल तर पिण्याच्या बाटलीतलं पाणी घालून गावापर्यंत या. त्यासाठी पाणी चालतं. गावात आल्यावर ते काढून कूलंट भरा आणि भरताना हवा पूर्ण निघेपर्यंत झाकण लावू नका.